आधी स्विंग, मग शॉपिंग!

गोल्फची हौस आता फक्त बॉस लोकांची राहिलेली नाही. पण क्लब विकत घेण्याआधी तो फिरवायला शिकलात, तर खिसा आणि कंबर दोन्ही वाचतील.

ऑफिसच्या ऑफसाइटला रिसॉर्टवर गेलं की एक संध्याकाळ 'गोल्फ एक्स्पीरिअन्स'ची असते. प्रत्येकाच्या हातात एक क्लब आणि समोर बादलीभर बॉल. मग खरी धमाल सुरू होते. कुणाचा क्लब बॉलच्या वरूनच निघून जातो, कुणी मातीचं ढेकूळ बॉलपेक्षा लांब उडवतं आणि बाकीची टीम हसून हसून बेजार! पण तीस-चाळीस फटक्यांत एखादा बॉल क्लबच्या अगदी मधोमध लागतो. हाताला काही जाणवतसुद्धा नाही, फक्त 'टक्' असा आवाज येतो आणि बॉल उंच, सरळ, लांब जातो. बस्स! तेवढ्या एका शॉटवर माणूस गोल्फच्या प्रेमात पडतो. सोमवारी लंच टाइममध्ये मोबाइलवर गोल्फ सेट बघणं सुरू होतं आणि पुढच्या महिन्यात पगारातून पहिला हप्ता कापला जातो.

प्रेमात पडायला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती या घाईच्या खरेदीला. नामांकित कंपनीचा नवा ड्रायव्हर आज ४०-५० हजारांच्या घरात सहज जातो. पूर्ण सेट, बॅग, शूज असा हिशोब मांडला तर एखादी बाइक दारात उभी राहील. एवढं करून तो सेट सहा महिन्यांनी बेडच्या मागे धूळ खात पडतो, कारण बॉल काही सरळ जात नाही. दोष सेटचा नसतो. ज्याचा स्विंग अजून बसलाच नाही, त्याच्यासाठी कुठला क्लब योग्य हे सांगणार तरी कोण?

१४ विरुद्ध ३६

एक सोपं गणित करू. १८ होलच्या नेहमीच्या कोर्सचं 'पार' असतं ७२. म्हणजे चांगल्या खेळाडूने ७२ फटक्यांत फेरी संपवणं अपेक्षित असतं. यात प्रत्येक होलला हिरवळीवरचे, म्हणजे पटरचे, दोन फटके गृहीत धरलेले असतात. १८ गुणिले २, झाले ३६. थेट निम्मे! आता ड्रायव्हर. बहुतेक कोर्सवर चार होल छोटे, पार-३चे असतात. तिथे ड्रायव्हरचं सहसा काम नसतं. म्हणजे अख्ख्या फेरीत तो निघणार जास्तीत जास्त १४ वेळा. आपण मात्र पैसे ओततो या १४ फटक्यांवर आणि स्कोअर बिघडतो उरलेल्यांवर.

पटत नसेल तर अदिती अशोक आठवा. ऑगस्ट २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी ती जागतिक क्रमवारीत २००वी होती. टीवरून मारलेले तिचे फटके बड्या खेळाडूंच्या मानाने चांगलेच आखूड पडत होते. तरी चार दिवस ती पदकाच्या शर्यतीत टिकली ती पटरच्या जोरावर. ब्राँझ हुकलं ते अवघ्या एका फटक्याने. त्या शनिवारी सकाळी गोल्फमधलं ओ की ठो न कळणारे लोकही टीव्हीसमोर बसले होते!

दुसरं उदाहरण एस. एस. पी. चौरसियाचं. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळीची निगा राखणारे कामगार. १८२९ साली स्थापन झालेल्या या क्लबच्या आवारात मुलगा बघून बघून, स्वतःचं स्वतःच शिकला. पुढे २००८मध्ये त्याने दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपनही मारली. हिरवळीच्या आसपास छोटे चिप शॉट आणि पटर यात हात इतका साफ, की त्याला टोपणनावच पडलं 'चिपपुटसिया'. आपल्या चेंबूरलाही गोल्फ क्लबमध्ये कॅडीचं काम करणारी मुलं वस्तीच्या गल्लीबोळात, लोखंडी सळया वाकवून केलेल्या क्लबने प्लॅस्टिकचा बॉल मारत खेळलेली आहेत. महागडा सेट ही गोल्फची पहिली पायरी नाही, हे यापेक्षा वेगळं काय सांगायचं?

पहिली बॅग : सात पुरेत!

नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. ठेवलेच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. नवशिक्याला सात-आठ खूप झाले.

क्लबमधला मुख्य फरक असतो दोन गोष्टींचा : दांड्याची लांबी आणि तोंडाचा मागे झुकलेला कोन, ज्याला 'लॉफ्ट' म्हणतात. लॉफ्ट कमी तर बॉल खालून आणि लांब, लॉफ्ट जास्त तर उंच आणि जवळ. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण ९ ते १२ अंश, सँड वेजचा ५४ ते ५६ अंश. बाकी बहुतेक क्लब या दोघांच्या मध्ये, पटर मात्र वेगळा.

सुरुवातीच्या बॅगेत हे ठेवा :

• पटर. दुकानात हातात धरून, उभं राहून बघूनच घ्या.
• सँड वेज. वाळूच्या खड्ड्यातून आणि हिरवळीच्या जवळून मारायला.
• पिचिंग वेज.
• ९ आणि ७ नंबरचे आयर्न. शिकण्याचा खरा क्लब ७ नंबर.
• एक हायब्रिड. लांबच्या फटक्यासाठी ३-४ नंबरच्या आयर्नपेक्षा कितीतरी सोपा.
• ५ नंबरचा फेअरवे वूड. ड्रायव्हर येईपर्यंत टीवरून हाच मारा. 'वूड' फक्त नावाला, हल्ली तो धातूचाच असतो.

हे सगळं सेकंडहँड मिळालं तर उत्तम. गोल्फवाले लोक मोबाइलसारखे क्लब बदलतात. दोन-तीन वर्षं जुना क्लब नवशिक्यासाठी नव्यासारखाच. फक्त घेताना चार गोष्टी बघा. रबरी ग्रिप कडक, गुळगुळीत झालीय का? तसं असेल तर ग्रिप बदलायचा खर्च भावातून वजा करायला सांगा. दांडा वाकलेला किंवा चिरलेला नाही ना? डोकं हलवल्यावर खुळखुळत नाही ना? आणि तोंडावरच्या खाचा झिजून सपाट झालेल्या नाहीत ना? नवा ब्रँडेड सेट कुणी ऑनलाइन अर्ध्याहून कमी किमतीत देत असेल तर सावध! गोल्फ क्लबमध्ये डुप्लिकेट माल भरपूर असतो. ओळखीच्या प्रो शॉपमधूनच घ्या, सिरियल नंबर तपासून घ्या.

दांडा कुठला, हा पुढचा प्रश्न. स्टीलचा जड, ग्रॅफाइटचा हलका. दांड्याच्या लवचीकपणाला 'फ्लेक्स' म्हणतात. त्यात लेडीज, सीनिअर, रेग्युलर, स्टिफ असे प्रकार. जिममध्ये दणकून वजन उचलणारे मित्र थेट स्टिफ मागतात. पण इथे ताकद नाही, क्लब फिरण्याचा वेग बघतात. ड्रायव्हर ताशी ८५ ते ९५ मैल वेगाने फिरत असेल तर साधारणपणे रेग्युलर बरा. बहुतेक नवशिक्यांचा वेग याच्या आसपास किंवा खालीच असतो. मुलींसाठी एक वेगळी सूचना : दुकानदार न विचारता गुलाबी बॅगेतला 'लेडीज सेट' पुढे करतो. तो आखूड आणि हलका असतो. उंची चांगली असेल, बॅडमिंटन-टेनिस खेळून हात तयार असेल, तर पुरुषांचा रेग्युलर किंवा सीनिअर फ्लेक्सही मारून बघा. डब्यावरचं नाव बघून नाही, फटका मारून ठरवा.

बॉलचं काय? वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नाही आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, एवढं नियम सांगतो. बाकी किंमत ठरते ती आतल्या थरांवर आणि कव्हरवर. युरेथेन कव्हरचे महाग बॉल हिरवळीवर छान थांबतात. पण तुमचा बॉल हिरवळीवर पोचण्याआधी तळ्यात जाणार असेल, तर साधा दोन थरांचा टिकाऊ बॉल घ्या. शोधून काढलेले वापरलेले बॉल स्वस्तात मिळतात, तेही चालतील. डाव्या हाताला एक ग्लोव्ह, मूठभर टी, सोल चांगला असलेले स्पोर्ट्स शूज. झाली तयारी! उरलेले पैसे कोचला द्या. पहिल्या महिन्यातल्या पाच-सहा तासांच्या शिकवणीएवढी वसूल होणारी दुसरी खरेदी गोल्फमध्ये नाही.

आपला क्रिकेटी हात

आपल्याकडचा प्रत्येक नवा गोल्फर आधी क्रिकेटर असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये घटवलेला हात इथे थोडा आडवा येतो. क्रिकेटमध्ये बॉल अंगावर येतो, आपण त्याला उत्तर देतो. गोल्फमध्ये बॉल गप्प पडून असतो, आणि नेमका तोच त्रास! विचार करायला भरपूर वेळ मिळतो आणि सगळे उद्योग सुचतात. शिवाय उंच फटका मारायचा म्हणून आपण बॉल खालून उचलायला जातो. इथे तो उचलायचा नसतो. उंच न्यायचं काम लॉफ्ट करतो. आयर्न खाली उतरत आधी बॉलला, मग गवताला लागला पाहिजे. बॉल उचलायला गेलात की हमखास क्लबची धार बॉलच्या डोक्यावर बसते आणि बॉल जमिनीवरून सरपटत जातो.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

पकड : डावा हात वर, उजवा खाली. क्लब तळहातात नाही, बोटांच्या मुळाशी धरा. वरून बघताना डाव्या हाताची दोन-अडीच पेरं, म्हणजे मुठीवरचे उंचवटे, दिसले पाहिजेत. उजव्या हाताची करंगळी डाव्याच्या बोटांवर टेकवा किंवा बोटांत गुंतवा. टायगर वूड्स आणि जॅक निकलस गुंतवणाऱ्यांपैकी. दाब किती? लोकलच्या दारात दांडा धरतो तेवढा दहा मानला, तर इथे चार पुरे.

उभं राहणं : पाय खांद्याएवढे लांब, गुडघे किंचित सैल, कमरेतून पुढे झुका, पण पाठीला पोक नको. हात खांद्यांखाली मोकळे लोंबू द्या. छोट्या क्लबला बॉल दोन पायांच्या मध्यावर, ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या रेषेत.

नेम : सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच. बहुतेक जण पाय थेट टार्गेटकडे रोखतात. पाय, कंबर, खांदे बॉलच्या रेषेला समांतर हवेत, रेल्वेच्या रुळांसारखे. एका रुळावर बॉल आणि टार्गेट, दुसऱ्यावर तुम्ही. प्रॅक्टिसला जमिनीवर छत्री आडवी ठेवा आणि बुटांची टोकं तिला लावा. खर्च शून्य!

वळणं : क्लब हातांनी उचलू नका. छाती वळवा, हात तिच्याबरोबर जातील. पाठ टार्गेटकडे झाली की वर पोचलात. खाली येताना सुरुवात पायांपासून : वजन डाव्या पायावर, मग कंबर, मग छाती, शेवटी हात. शेवट असा हवा की पोट टार्गेटकडे, सगळं वजन डाव्या पायावर, उजव्या पायाचा फक्त चवडा टेकलेला. या पोझमध्ये तीन सेकंद तोल सांभाळून उभं राहता आलं, तर समजा बराचसा स्विंग जमला. धडपडलात, तर जोर जास्त लावलाय.

ताल : चांगल्या खेळाडूंचा क्लब मागे नेण्याचा आणि खाली आणण्याचा वेळ यांचं प्रमाण साधारण ३ ला १ असतं. मनात म्हणा, 'एक-दोन-तीन' वर आणि 'चार'ला बॉलवर. वरून खाली येण्याची घाई हा नवशिक्यांचा राष्ट्रीय आजार आहे.

बॉल उजवीकडेच का पळतो?

सरळ निघतो आणि केळ्यासारखा वळून उजव्या झाडीत घुसतो. या फटक्याला 'स्लाइस' म्हणतात आणि तो जवळजवळ प्रत्येकाला छळतो. कारण समजून घेतलं तर अर्धं औषध तिथेच मिळतं. बॉल निघतो तो मुख्यतः क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे. तो वळतो कारण तोंडाची दिशा आणि क्लब फिरण्याची वाट या दोघांचं जमत नाही. तोंड उजवीकडे उघडं आणि वाट बाहेरून आत, डावीकडे कापणारी. झाला स्लाइस.

गंमत म्हणजे आपण यावर उलटा इलाज करतो. बॉल उजवीकडे जातो ना, मग नेमच डावीकडे धरू! त्याने वाट आणखी डावीकडे कापते आणि केळं आणखी वाकडं होतं. त्याऐवजी आधी पकड तपासा. डाव्या हाताचं एकच पेर दिसत असेल तर हात किंचित उजवीकडे वळवा. मग बॉलच्या बाहेरच्या बाजूला, वीतभर अंतरावर, रिकामं बॉलचं खोकं ठेवा आणि त्याला धक्का न लावता मारा. क्लब आपोआप आतून यायला लागेल. नवा स्लाइसविरोधी ड्रायव्हर घेण्याआधी हे दोन आठवडे करून बघा.

रेंजवर बादली रिकामी करू नका

शनिवारी सकाळी ड्रायव्हिंग रेंजवर बघा. लोक ड्रायव्हर काढतात आणि मशिनगनसारखे बॉल मारत सुटतात. हा व्यायाम आहे, सराव नाही. ५० बॉलची वाटणी अशी करा : पहिले १० वेजने, अर्धाच स्विंग, हात कमरेपासून कमरेपर्यंत. पुढचे २५ सात नंबरने, प्रत्येक बॉलला ठरावीक टार्गेट. ५ हायब्रिडने. शेवटचे १० खरा कोर्स समजून, दर बॉलला क्लब आणि टार्गेट बदलून. मग वीस मिनिटं पटर आणि चिपिंग. कंटाळवाणं वाटेल, पण मघाचे ते ३६ विसरू नका.

पटरला तर रेंजचीही गरज नाही. गोल्फच्या होलचा व्यास असतो १०८ मिलिमीटर. घरातला पाणी प्यायचा स्टीलचा पेला त्याहून लहान. हॉलमध्ये सतरंजीवर तो आडवा ठेवा आणि तीन, पाच, सात फुटांवरून रोज दहा मिनिटं बॉल आत घाला. पेल्यात जायला लागला की कोर्सवरचा होल विहिरीएवढा वाटतो.

खुर्ची आणि कंबर

दिवसाचे आठ-नऊ तास आपण खुर्चीत. मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू आखडलेले, पाठीचा वरचा भाग लॅपटॉपकडे वाकलेला. गोल्फमध्ये नेमकं हेच दोन भाग वळायला लागतात. ते वळले नाहीत की त्यांचं काम पाठीच्या खालच्या मणक्यांवर पडतं, आणि ते वळण्यासाठी बनलेलेच नाहीत. हौशी गोल्फरला सतावणारी नेहमीची दुखापत म्हणूनच कंबरेची. कारमधून उतरून थेट ड्रायव्हर हाणणं म्हणजे दुखण्याला आवतण. पाच मिनिटं चाला, खांद्यांवर क्लब आडवा धरून हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळा, दहा बैठका काढा, मग वेज हातात घ्या. खेळताना कळ आली तर त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला. 'अजून एक बादली' नको, फिजिओकडे जा.

खेळायचं कुठे, वागायचं कसं?

मेंबरशिप नाही म्हणून अडायचं कारण नाही. नवी मुंबईत सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे, पुण्यात बावधनला ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे. जाण्याआधी फोन करून पाहुण्यांसाठीच्या वेळा आणि फी विचारा. कॉलरचा टी-शर्ट घाला. बहुतेक क्लबमध्ये जीन्स चालत नाही.

कोर्सवर नवशिक्याला कुणी वाईट खेळला म्हणून नावं ठेवत नाही, रेंगाळला म्हणून ठेवतं. हरवलेला बॉल शोधायला २०१९पासून नियमाने तीनच मिनिटं मिळतात. कुणी मारत असताना गप्प उभं राहा, वाळूतून निघताना रेकने पाऊलखुणा पुसा, हिरवळीवर पडलेला खड्डा दुरुस्त करा आणि बॉल कुणाच्या दिशेने गेला तर लाजू नका, 'फोर!' म्हणून जोरात ओरडा. आणि कॅडीदादांना नुसते बॅग उचलणारे समजू नका. त्या कोर्सचा उतार, वारा, गवताचा कल त्यांना पाठ असतो. 'दादा, इथून काय मारू?' असं विचारून बघा. तो सल्ला कुठल्याही रीलपेक्षा पक्का असतो.

मग शॉपिंग कधी?

तीन परीक्षा ठेवा. एक, सात नंबरने मारलेल्या दहा बॉलपैकी सात हवेतून, साधारण एकाच दिशेला जातात. दोन, सलग तीन महिने दर आठवड्याला तुम्ही रेंजवर गेलात, क्लायंट कॉल आणि पाऊस असूनही. तीन, तुमचा चुकणारा फटका नेमका कुठला, हे तुम्हाला न अडखळता सांगता येतं. तिन्हींत पास झालात की फिटिंग करून घ्या. लाँच मॉनिटरवर तुमचा वेग, बॉलची उंची, फिरकी मोजून दांडा आणि लॉफ्ट ठरवतात. आता मोजण्यासारखं काहीतरी तुमच्याकडे असतं, म्हणून त्या खर्चाला अर्थ.

नवा सेट आला की त्याला उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नका, ग्रिप कडक होतात. पावसाळ्यात घरी आल्यावर क्लब पुसून, बॅग उघडी ठेवून वाळवा. आणि पहिल्या दिवशी नवा ड्रायव्हर काढण्याआधी, नेहमीसारखे वेजचे दहा अर्धे फटके मारा. क्लब नवा असला तरी तो फिरवणार तुम्हीच आहात!